गच्चीवरचा वैशाख

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात बार्शीहून पुतण्याचा फोन आला. प्रथम जय जिनेंद्र, मग ज्वारीची आवक, मग प्रकृतीची चौकशी, या क्रमाने तो नेहमी बोलतो. या खेपेस आवकेचा विषय त्याने दोन वाक्यांत उरकला, तेव्हाच मी ओळखले की घरात काही तरी बिनसले आहे. त्याचा थोरला मुलगा बी. कॉम. झाला. आडतीच्या गादीवर बसावयाचे सोडून तो खोलीचे दार लावून गिटार वाजवतो, स्वतःच गाणी रचतो आणि मोबाइलवर कोठे तरी चढवतो, अशी तक्रार होती. “काका, महिनाभर त्याला तुमच्याकडे पुण्याला पाठवतो. बँकेत लोकांना कर्ज नाकारण्यात तुमचे आयुष्य गेले. यालाही तसेच गोड बोलून समजावा.”

पुतण्याला एका गोष्टीचा विसर पडला होता, किंवा तो लहान असल्यामुळे ती त्याला ठाऊकच नव्हती. त्याच गादीवरून १९८२ साली मी उठलो होतो. आपल्या समाजात त्या काळी नोकरी करणे हे कर्तृत्वाचे नव्हे, तर अंगात व्यापार नसल्याचे लक्षण मानले जाई. एम. कॉम. झालो आणि बँकेची परीक्षा उत्तीर्ण झाल्याचे पत्र आले, तेव्हा वडिलांनी ते वाचून घडी करून परत दिले आणि एवढेच म्हणाले, “म्हणजे आता दुसऱ्याच्या वहीत आपले नाव.” पुढे दोन वर्षे ते माझ्याशी कामापुरतेच बोलले. तेव्हा नातवाला समजावण्यास मी कितपत योग्य माणूस होतो, याचा विचार वाचकांनीच करावा.

उन्हाळा हा माझा वाचनाचा ऋतू आहे. लहानपणी शाळेला सुट्टी लागली की आम्हां भावंडांना दुपारी गोदामात पाठवीत, कारण तेथे गारवा असे. तुरीच्या पोत्यांच्या थप्पीवर चढून, छपराच्या काचेतून पडणाऱ्या उजेडाच्या पट्ट्यात मी पुस्तके वाचली. बारदानाचा वास आणि कादंबरी या दोन गोष्टी माझ्या मनात अजून एकत्र नांदतात. बँकेत असताना मार्चअखेरीचा ताळेबंद संपला की एप्रिल-मेमध्ये मी एक जाड पुस्तक हाती घेई. निवृत्तीनंतर वेळ भरपूर आहे, तरी सवय उन्हाळ्याचीच राहिली.

यंदाचे पुस्तक होते बनारसीदासांचे ‘अर्धकथानक’. ‘समयसार नाटक’ लिहिणारे पंडित म्हणून हे नाव आपल्या घराघरांत माहीत असते; पण त्यांनी आत्मचरित्र लिहिले आहे आणि ते एका व्यापाऱ्याचे आत्मचरित्र आहे, हे मला पासष्टी गाठेपर्यंत ठाऊक नव्हते. १५८६ साली जौनपूर येथे जन्मलेल्या या श्रीमाळ जैन गृहस्थाने १६४१ मध्ये आग्र्यात ते पद्यात लिहिले. त्या वेळी त्यांचे वय पंचावन्न होते. मनुष्याचे पूर्ण आयुष्य एकशेदहा वर्षांचे मानावे आणि त्यातले निम्मे सरले, म्हणून हे अर्धे कथानक. नाथूराम प्रेमींनी ते मुंबईतून १९४३ साली छापले. ब्रजभाषेची सवय नसल्याने मी हिंदी अर्थाच्या आधाराने चाचपडत वाचत होतो. दिवसाला पाच-सहा पद्ये, त्याहून अधिक नाही.

नातू आला तो पाठीवर गिटार घेऊनच. सौभाग्यवतींनी पन्हे दिले, खोली दाखवली. पहिले दोन दिवस तो कानांत यंत्र अडकवून बसला आणि मी पुस्तक उघडून बसलो. घरात दोन माणसे असून दोघेही नसल्यासारखे झाले. तिसऱ्या दिवशी मी सौदा मांडला. आमच्या घरी सूर्यास्तापूर्वी जेवण होते, त्यामुळे उन्हाळ्याची संध्याकाळ फार लांबते. त्या वेळी गच्चीवर सतरंजी टाकावी. मी त्याला पुस्तकातला एक प्रसंग सांगावा, त्याने मला एक गाणे ऐकवावे. दोन्ही मालांचा दर सारखा धरावयाचा. तो आडत्याच्याच घरातला. थोडी घासाघीस करून गाण्यांची संख्या त्याने दोनवर नेली.

पहिल्या आठवड्यात मला ती गाणी आवडली नाहीत, हे प्रांजळपणे सांगतो. गाणारा श्रोत्यांसाठी गातच नाही, खिडकीशी उभा राहून स्वतःशी पुटपुटतो आहे, असे वाटे. तान नाही, हरकत नाही, सारंगी-व्हायोलिनचा भरणा नाही. एक गिटार, एक हलका आवाज आणि पुष्कळशी मोकळी जागा. मी म्हणालो, “अरे, हा मुलगा घाबरला आहे काय?” नातू म्हणाला, “आजोबा, तो घाबरलेला नाही. तो तुमच्या शेजारी बसलाय.”

या गाण्यांना इंडी पॉप म्हणतात. इंडी म्हणजे इंडियन असावे, असा माझा समज होता. तो शब्द ‘इंडिपेंडंट’चा लघुरूप निघाला. मोठ्या कंपनीचे पाठबळ न घेता, चित्रपटाच्या दारी न जाता, आपले गाणे आपणच करून आपणच बाजारात आणावयाचे. तेव्हा मला गजानन वाटवे आठवले. आपल्याकडे भावगीत जन्माला आले तेही चित्रपट आणि नाटक यांच्या बाहेरच. एक कवी, एक चाल, एक पेटी आणि समोर गल्लीतली माणसे. आमच्या वडीलधाऱ्यांनाही ते गाणे प्रथम ‘बसक्या आवाजाचे’ वाटले असणार. नाट्यसंगीताच्या बुलंद आवाजानंतर ते तसे वाटणारच. हे लक्षात आल्यावर मी कान जरा निराळ्या तऱ्हेने लावू लागलो.

मग प्रतीक कुहाड आवडला. हा जयपूरचा तरुण न्यूयॉर्क विद्यापीठात गणित आणि अर्थशास्त्र शिकला. त्याच्या ‘कोल्ड मेस’ या गाण्याची नोंद बराक ओबामा यांनी २०१९ सालच्या आपल्या आवडत्या गाण्यांच्या यादीत केली होती. मी ही बातमी उत्साहाने पुतण्याला फोनवर सांगितली. तो म्हणाला, “ओबामांना ज्वारीचा भाव ठाऊक आहे का?” लुधियानाच्या अनुव जैनचे ‘बारिशें’ ऐकले, तेव्हा गाण्यापूर्वी आडनावाकडेच लक्ष गेले, ही आपली सवय. पुण्यातच ‘ईझी वाँडरलिंग्ज’ नावाचा संच आहे, इंग्रजीत गातो. त्यांच्या गाण्यात सकाळच्या कोवळ्या उन्हासारखे काही तरी आहे. शब्द निम्मे समजले नाहीत, तरी चालले.

परंतु माझे मन खरे गुंतले ते स्कॉटलंडमधील एका कथेत. ग्लासगो शहरात स्टो कॉलेज नावाची संस्था होती. तेथे संगीत-व्यवसायाचा अभ्यासक्रम चाले आणि विद्यार्थ्यांनी वर्षातून एक ध्वनिमुद्रिका स्वतः काढून विकावयाची, हा त्या अभ्यासाचाच भाग असे. म्हणजे आमच्या वाणिज्य शाखेत प्रकल्प-अहवाल असतो तसा, परंतु खऱ्या मालाचा. १९९६ मध्ये त्या विद्यार्थ्यांनी ‘बेल अँड सेबॅस्टियन’ या नवख्या संचाची ‘टायगरमिल्क’ ही तबकडी काढली. प्रती फक्त १०००. संचाचा कवी-गायक स्टुअर्ट मर्डॉक सात वर्षे थकव्याच्या चिवट आजाराने जवळजवळ घरी पडून होता. त्या काळातच त्याने गाणी लिहावयास आरंभ केला. पुढे तो एका चर्चच्या सभागृहाची देखभाल करी आणि तेथेच वरच्या मजल्यावर राही. त्या हजार प्रती संपल्या, लोक एकमेकांना कॅसेटवर उतरवून देऊ लागले आणि जुन्या प्रतीला शेकडो पौंड मोजणारे निघाले. शेवटी १९९९ मध्ये ती पुन्हा काढावी लागली. संचाचे नावही एका फ्रेंच बालकादंबरीवरून घेतलेले आहे आणि पुस्तकांत बुडालेल्या माणसांवर त्यांचे २००३ सालच्या संग्रहात एक स्वतंत्र गाणे आहे. नातवाने ते मुद्दाम माझ्यासाठी काढले. इंग्लंड-स्कॉटलंडमधली ही माणसे इतकी लाजरी गाणी का करतात ते मला कळले नाही. पण गोदामातल्या थप्पीवर बसलेल्या मुलाला ती कळली असती.

त्याहून जुनी एक गोष्ट नातवाने सांगितली आणि ती ऐकून मी बराच वेळ गप्प झालो. १९७७ च्या जानेवारीत मँचेस्टरच्या ‘बझकॉक्स’ या संचाने कोणत्याही कंपनीविना स्वतःची चार गाण्यांची तबकडी काढली. त्यासाठी त्यांनी मित्रांकडून आणि घरच्यांकडून ५०० पौंड उसने घेतले. त्यांतील काही रक्कम एका वादकाच्या वडिलांची होती. पहिल्या हजार प्रती खपल्या, मग आणखी हजारो काढल्या गेल्या. विलायतेतल्या इंडी व्यवसायाची पायवाट बऱ्याच अंशी तेथून पडली, असे मानतात.

नव्वदच्या दशकात मी मराठवाड्यातील एका तालुक्याच्या शाखेत अधिकारी होतो. तेथे एक गृहस्थ वाद्यवृंद चालवीत. ध्वनिक्षेपण यंत्रणेसाठी त्यांना कर्ज हवे होते, रक्कम फार नव्हती. त्यांनी वर्षभराच्या कार्यक्रमांची यादी नीट आखलेल्या कागदावर लिहून आणली होती. लग्ने, गणेशोत्सव, जत्रा. मी तारण विचारले, ते नव्हते. जामीन विचारला, तो आणला, पण मला तो पुरेसा वाटला नाही. अर्जावर मी लिहिले, “उत्पन्न अनिश्चित व हंगामी.” त्याच आठवड्यात मी शेतीसाठी सात-आठ अर्ज मंजूर केले, पावसावर अवलंबून असलेल्या शेतीइतके अनिश्चित आणि हंगामी उत्पन्न दुसरे कोणते? नियम माझ्या बाजूने होता, हे खरे आहे. परंतु नियमात मला थोडी जागा होती आणि ती मी वापरली नाही, हेही तितकेच खरे. पुढे ते गृहस्थ एका सरकी-पेंडीच्या दुकानी हिशेब लिहू लागले. माझी बदली झाली, तेव्हा निरोपाच्या कार्यक्रमात त्यांनीच पेटी वाजवली. मनात काही न ठेवता, मनापासून. हे मी कोणाला सांगितले नव्हते. गच्चीवर त्या रात्री नातवाला सांगितले.

तो म्हणाला, “आजोबा, मग माझा अर्ज पण बघा ना.”

दुसऱ्या दिवशी मी त्याला कोपऱ्यावरच्या दुकानातून लाल पुठ्ठ्याची वही आणावयास लावली आणि दीड वर्षाचा रोजमेळ लिहून काढला. खर्चाच्या बाजूला ध्वनिग्राहक, गिटारच्या तारा, गाणी सर्व ठिकाणी पोहोचविणाऱ्या मध्यस्थाची वार्षिक फी; एकूण अकरा हजारांच्या वर. जमेच्या बाजूला तीनशे बारा रुपये. तो खजील झाला. मी म्हणालो, खजील व्हावयाचे कारण नाही, वही कधी खजील होत नाही. आता धंदा कसा चालतो ते मला समजाव.

त्याने जे सांगितले ते मला एखाद्या सामाईक भांडाराच्या वाटपासारखे वाटले. ऐकणाऱ्यांची वर्गणी आणि जाहिरातींचे पैसे एका ठिकाणी जमा होतात. त्यातला हक्कदारांचा हिस्सा ज्याची गाणी जितकी वाजली त्या प्रमाणात वाटला जातो. अमुक गाण्याला अमुक पैसे असा ठरीव दर नाही. स्पॉटिफाय भारतात २०१९ मध्ये आले, आणि २०२४ पासून त्यांनी एक अट घातली आहे की मागील बारा महिन्यांत जे गाणे १००० वेळा वाजले नाही, त्याला वाटपात हिस्सा नाही. मी म्हणालो, “म्हणजे ही किमान शिल्लक झाली. त्याखाली खाते असून नसल्यासारखे.” त्याची सहा गाणी होती. पहिल्या दोन इंग्रजी गाण्यांनी हजारी गाठली होती, बाकीची इंग्रजी तीन कोठेच नव्हती. मराठीतले एकच गाणे होते आणि ते नुकतेच चढवले होते; एकशे चाळीस वेळा वाजलेले.

ते त्याने मला ऐकवले नव्हते. का, ते कळले एका प्रसंगाने.

‘अर्धकथानक’ सांगता सांगता मी त्या सुप्रसिद्ध भागाशी आलो. तरुण बनारसीदासांना पुस्तकांचे आणि कवितेचे वेड लागले. घरची वडील मंडळी म्हणाली की फार शिकणे हे ब्राह्मणांचे आणि भाटांचे काम, वाण्याच्या मुलाने बाजारात बसावे. चारशे वर्षांपूर्वीचे हे बोलणे ऐकून नातू मोठ्याने हसला. “हे तर बाबाच.” मग त्यांचा आग्र्यातला व्यापार बुडाला, माल गेला, पैसे संपले. त्या दिवसांत हा माणूस संध्याकाळी ‘मधुमालती’ आणि ‘मृगावती’ या प्रेमकथा गाऊन वाचून दाखवी आणि दहा-वीस माणसे ऐकावयास जमत. एक कचोरीवाला त्यांना कित्येक महिने उधारीवर कचोरी खाऊ घालीत राहिला. खिशात दमडी नसताना स्वतःच्या आवाजाला श्रोते मिळाले, हा भाग नातवाला फार आवडला. तो मी दोनदा सांगितला.

परंतु त्याआधीची एक घटना मी मागाहून सांगितली. ऐन तारुण्यात त्यांनी हजार पद्यांचा एक शृंगारप्रधान ग्रंथ रचला होता. एके दिवशी मित्रांसह गोमतीच्या पुलावर ते वाचत असता आपण हे सारे खोटेच लिहिले, असे त्यांच्या मनात आले आणि ती पोथी त्यांनी नदीत टाकून दिली. पाने पसरत वाहून गेली. मित्र हळहळले. वडिलांना मात्र मुलगा ताळ्यावर आला म्हणून आनंद झाला.

नातू काही बोलला नाही. मी पाण्याचा तांब्या त्याच्याकडे सरकवला. थोड्या वेळाने त्याने सांगितले की गेल्या दिवाळीत वहीपूजनाच्या रात्री पाहुण्यांसमोर वडील म्हणाले, “आमचे चिरंजीव आता तमाशात जाणार.” सगळे हसले. त्या रात्री त्याने मोबाइलवरची चार मराठी गाणी पुसून टाकली. कोठेही दुसरी प्रत ठेवली नव्हती. पाचवे एका मित्राकडे होते म्हणून वाचले.

बनारसीदासांनी पोथी स्वतःच्या मनाने टाकली आणि याने दुसऱ्यांच्या हसण्यामुळे टाकली. हा फरक मला त्या रात्री झोप लागू देईना. पुतण्या दुष्ट नाही. सकाळी सातला दुकान उघडणारा, शेतकऱ्याला उचल देताना त्याच्या मुलीच्या लग्नाची चौकशी करणारा माणूस आहे. त्याने ती चेष्टा केली आणि दुसऱ्या दिवशी विसरूनही गेला असेल. माझे वडीलही ‘दुसऱ्याच्या वहीत’ हे वाक्य बहुधा विसरले होते. मी ते चाळीसहून अधिक वर्षे जपून ठेवले आहे.

ते वाचलेले गाणे मी शेवटी ऐकले. ते आमच्या दुकानाचे आहे. संध्याकाळी गादी आवरतात, दिवा लावतात, हमाल हात-पाय धुऊन निघून जातात आणि अंगणात सांडलेले दाणे टिपावयास चिमण्या उतरतात, एवढेच त्यात आहे. चालीला फारसे चढउतार नाहीत. ऐकताना मला तो बारदानाचा वास आला. हे परीक्षण म्हणून पुरेसे नाही, याची मला जाणीव आहे.

मेच्या अखेरीस पुतण्या मुलाला न्यावयास आला. मी समजावण्याचे काम केले नव्हते, हे त्याला तोंड पाहताच कळले असावे. जेवण झाल्यावर मी त्याच्यापुढे लाल वही ठेवली. कोणतीही वही समोर आली की ती उघडल्याशिवाय त्याला राहवत नाही. त्याने बोट फिरवत बेरजा तपासल्या, एका ठिकाणी तारखेची चूक काढली आणि विचारले, “मध्यस्थाची फी दर वर्षी? माल विको न विको?” मुलाने हो म्हटले. “हे काही बरोबर नाही. आपण तर विकल्याशिवाय आडत घेत नाही.” त्या प्रश्नावर बापलेक अर्धा तास बोलले. गाण्याविषयी नव्हे, फीविषयी. पण त्या दोघांना इतका वेळ एकमेकांशी बोलताना मी बऱ्याच दिवसांनी पाहत होतो.

मग मी वाद्यवृंदवाल्यांची गोष्ट त्याला सांगितली. तो म्हणाला, “काका, तारण नव्हते ना? मग तुमचे बरोबरच होते.” मी म्हणालो, “बरोबर होते. आता गच्चीवर चल.”

गाणे वाजले तेव्हा त्याने डोळे मिटले नाहीत की मान डोलावली नाही. रस्त्यावरच्या दिव्याकडे पाहत होता. संपल्यावर पुष्कळ वेळाने म्हणाला, “पायली म्हटलेय तू एके ठिकाणी. आपल्या दुकानी पायलीने मी कधी मोजलेले नाही. काट्यावर मोजतो. तुझ्या पणजोबांच्या वेळी होती पायली.” मुलगा म्हणाला, “पायली म्हणायला बरी वाटते.” पुतण्या म्हणाला, “वाटत असेल. पण खोटी आहे.”

सकाळी दोघे गाडीने परत गेले. हंगामात सकाळी दुपारपर्यंत गादीवर बसावयाचे आणि दुपारनंतरचा वेळ त्याचा, असे काही तरी त्यांच्यात ठरले आहे म्हणे. किती दिवस टिकेल, सांगता येत नाही. पुसलेल्या चार गाण्यांपैकी एक त्याला आठवून पुन्हा रचता आले आहे. उरलेली तीन गेली ती गेली. माझे ‘अर्धकथानक’ही संपले, शेवटी बनारसीदास आपल्या नऊ मुलांच्या मृत्यूची नोंद ज्या शांतपणे करतात, ती पाने मी नातवाला सांगितली नाहीत.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पुतण्याचा फोन आला. जय जिनेंद्र झाले, बार्शीकडे पहिला पाऊस बरा झाल्याचे झाले, बियाण्यासाठी शेतकरी उचल मागताहेत हे झाले. माझ्या गुडघ्याची चौकशीही झाली. फोन ठेवता ठेवता तो म्हणाला, “आणि काका, ते आठशे चाळीसवर गेले आहे. हजाराची अट होती ना? अजून एकशे साठ कमी पडतात. हमालांच्या मोबाइलवर वाजवलेले चालते का हो?”